हिमवादळानंतरचा रविवार

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ काढून टाकली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग डोंगरातल्या बर्फाबद्दल आहे. हिवाळ्यात "चला, बर्फात जाऊन येऊ" म्हणत निघणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. त्यात सिएटल, डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी, कॅलगरीकडची आपली मराठी मंडळी आली, आणि पुण्या-मुंबईहून जानेवारीत केदारकंठा नाहीतर ब्रह्मताल गाठणारेही आले.

मी सिएटलला राहतो. इथून तासभर गाडी चालवली की स्नोक्वाल्मी पास लागतो आणि खरा बर्फ सुरू होतो. हिवाळ्यात इथे एक चक्र ठरलेलं असतं. बुधवार-गुरुवारी प्रशांत महासागरावरून वादळ येतं. दोन-तीन दिवस डोंगरात बर्फ नुसता कोसळत राहतो. शनिवारी रात्री ढग फाटतात. रविवारी सकाळी उठावं तर आकाश निळंशार, झाडं पांढरीशुभ्र, आणि व्हॉट्सअॅपवर मेसेज येऊन पडलेला असतो: "आज नाही तर कधी?"

तर मुद्दा असा, की हिमस्खलनाच्या दृष्टीने हा दिवस हिवाळ्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांपैकी एक असू शकतो. आणि दिसतो मात्र सगळ्यात सुंदर. तो धोका तयार कसा होतो ते आधी बघू. मग बघू की ग्रुपमध्ये "आज तिकडे नको" एवढी तीन शब्दं बोलणं इतकं जड का जातं.

बर्फाचे पापुद्रे

मराठीत आपण फ्रीजमधल्या खड्याला बर्फ म्हणतो, गोळेवाला किसतो त्याला बर्फ म्हणतो, आणि आकाशातून भुरभुरत पडतो त्यालाही बर्फच म्हणतो. त्यामुळे डोक्यात चित्र असं बसतं, की डोंगरावर एक पांढरा ढीग साचलाय, बस्स. पण तुम्ही फावड्याने दीड मीटर खड्डा खणलात आणि त्याची भिंत हाताने चाचपलीत, तर चिरोट्यासारखे पापुद्रे लागतात. प्रत्येक वादळाचा एक थर. कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत, मध्येच पाऊस पडून गोठलेली काचेसारखी पापडी.

यातले काही थर कमजोर असतात. दोन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला प्रकार दवाचा भाऊ. स्वच्छ, थंड, वारा नसलेल्या रात्री आपल्याकडे गवतावर दव पडतं ना, तसंच बर्फाच्या पृष्ठभागावर हवेतली वाफ थेट गोठते. पिसांसारखे नाजूक, चमचमणारे स्फटिक उभे राहतात. दिसायला इतके सुंदर, की लोक थांबून फोटो काढतात. आणि जोवर ते वर आहेत तोवर कुणाला काही करत नाहीत. पुढचं वादळ येऊन त्यांच्यावर बसलं, की मग ते खाली पत्त्यांच्या बंगल्यासारखे उभे असतात. वरून कुणी धक्का द्यायचाच अवकाश.

दुसरा प्रकार साखरेचा. जमिनीलगत बर्फाचं तापमान शून्य अंशाच्या आसपास राहतं, आणि वरची हवा उणे पंधरा, उणे वीस. बर्फाचा थर पातळ असेल तर एवढा फरक थोड्या जाडीत कोंबला जातो. आतली वाफ खालून वर सरकत राहते आणि स्फटिकांचा आकारच बदलतो. ते कोनेदार, सुटे, जाड्या साखरेसारखे होतात. मुठीत घेऊन दाबले तरी गोळा होत नाही. कोलोरॅडो, युटासारख्या कोरड्या थंड भागात हा प्रकार फार.

आता अशा थरावर नवा, वाऱ्याने घट्ट झालेला बर्फ बसला की तो सुटा राहत नाही. त्याची एक अखंड लादी बनते. घरी करून बघा. ताटात साखर पसरा, तिच्यावर बर्फीची न कापलेली थापी ठेवा आणि ताट हळूहळू तिरकं करा. थोडा वेळ काही होत नाही. आणि एका क्षणी अख्खी थापी एकदम सरकते. जीवघेणी हिमस्खलनं बहुतेक अशीच असतात. वरून बर्फाचा लोट अंगावर आला, एवढंच चित्र सिनेमात दिसतं. प्रत्यक्षात तुमच्या पायाखालचीच जमीन फुटते, आणि तुम्ही त्या सरकत्या लादीवर उभे असता.

दरड आपल्याला माहीत आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात दरड कोसळते तेव्हा खाली कोण आहे, कोण नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. हिमस्खलनात एक मोठा फरक आहे. डोंगरात फिरायला गेलेल्यांचे जे मृत्यू होतात, त्यात साधारण दहापैकी नऊ वेळा ती लादी त्या माणसानेच किंवा त्याच्या सोबत्याने सोडवलेली असते. म्हणजे चाप आपणच ओढतो. ही भयंकर गोष्ट आहे, पण तिची दुसरी बाजू अशी की बहुतेक वेळा हे टाळणंही आपल्याच हातात असतं.

वादळ नेमकं काय करतं

खालच्या थराला वजनाचा त्रास नसतो, घाईचा असतो. तेवढाच बर्फ दोन आठवड्यांत हळूहळू साचला तर खालचे थर दबतात, एकमेकांना धरतात. तोच एका रात्रीत पडला तर त्यांना वेळच मिळत नाही. म्हणून जोरदार बर्फवृष्टी चालू असताना आणि त्यानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जास्त नाजूक.

वाऱ्याकडे तर आपलं लक्षच जात नाही. वारा डोंगराच्या एका बाजूचा बर्फ उचलतो आणि धार ओलांडून पलीकडच्या उतारावर नेऊन टाकतो. आकाशातून पडतो त्याच्या दहापट वेगाने तो एखाद्या उतारावर बर्फ रचू शकतो. म्हणजे पार्किंगमध्ये तुम्ही म्हणताय, "फूटभरच तर पडलाय," आणि वर धारेच्या आडोशाला चार फुटांची लादी तयार आहे.

आमच्या या कॅस्केड डोंगररांगेत आणखी एक खोडी असते. वादळ थंड सुरू होतं आणि शेवटी गरम होतं. आधी हलका, कापसासारखा बर्फ पडतो आणि त्यावर ओला, जड बर्फ. कधी वर पाऊसही. हलक्यावर जड बसलं की काय होणार ते सांगायला नको. त्यात रविवारी ऊन निघतं, आणि ते ताज्या बर्फाला आणखी सैल करतं.

ताज्या बर्फाचा हा नाजूकपणा बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत कमी होतो. पण खाली ती पिसं किंवा ती साखर गाडलेली असेल, तर धोका आठवडेच्या आठवडे टिकतो. त्यामुळे "वादळ जाऊन चार दिवस झाले" हे वाक्य एकट्याने काही सांगत नाही. खाली काय गाडलंय, हे विचारावं लागतं.

जिन्याएवढा उतार

लादी सरकायला उतार लागतो. बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. घरातला जिना साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो. म्हणजे फार भीषण कडा लागत नाही. उलट जिथे चढायला, घसरायला मजा येते, नेमका तोच हा उतार. त्याहून फार उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही, आधीच गळून पडतो.

आणि उतार फक्त पायाखालचा मोजायचा नसतो. तुम्ही सपाट पायवाटेवर असाल, पण डोक्यावर अडतीस अंशांचा उघडा उतार असेल, तर तुम्ही त्याच्या वाटेत उभे आहात. थर फारच नाजूक असेल तर खालच्या सपाटीवर पाय पडल्यावरही फट वरपर्यंत पळत जाते आणि लादी वरून सुटते. अशा वेळी कधी कधी आधी 'व्हुम्फ' असा दबका आवाज येतो. बर्फ किंचित खाली बसल्यासारखा वाटतो. लोक हसतात, "अरे, काय आवाज होता!" तो कमजोर थर कोसळल्याचा आवाज असतो. तो ऐकला, किंवा पायापासून काचेला जाते तशी चीर पळताना दिसली, की त्या उतारावरची चर्चा संपली. मागे फिरायचं.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना नाळ माहीत आहे. दोन सोंडांमधली अरुंद घळ. बर्फात नाळ म्हणजे नरसाळं. वर सुटलेलं सगळं तिथे एकत्र होतं आणि तळाशी खोल साचतं. थोडासा बर्फसुद्धा माणसाला पुरून टाकायला पुरतो.

स्टीव्हन्स पास, १९ फेब्रुवारी २०१२

आता एक खरी घटना. माझ्या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांनी तिची गोष्ट वाचलेली असते, पण वेगळ्या कारणासाठी. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २०१२ मध्ये 'स्नो फॉल' नावाचा लेख वेबवर टाकला. मजकूर, व्हिडिओ, हलते नकाशे असं सगळं एकत्र गुंफलेलं. जॉन ब्रँच या पत्रकाराला त्यासाठी पुलित्झर मिळालं. वेबसाइट बनवणारे लोक अजून त्याचं उदाहरण देतात. मीही तो आधी वाचला तो पान कसं बनवलंय ते बघायला. त्यातलं हिमस्खलन नंतर नीट वाचलं.

सिएटलच्या पूर्वेला स्टीव्हन्स पास आहे. तिथे स्की रिसॉर्ट आहे आणि रिसॉर्टच्या हद्दीबाहेर टनेल क्रीक नावाचा उतार. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काही स्वच्छ, थंड रात्री गेल्या आणि ती पिसं उगवली. मग वादळं आली आणि त्यांच्यावर दोन-अडीच फूट नवा बर्फ बसला. १९ तारखेला रविवार होता. हवामान आणि हिमस्खलन केंद्राने पाच हजार फुटांवरच्या काही दिशांच्या उतारांसाठी 'हाय' आणि बाकीच्यांसाठी 'कन्सिडरेबल' धोका सांगितला होता.

त्या दिवशी टनेल क्रीककडे सोळा जणांचा घोळका निघाला. नवशिके अजिबात नव्हते. व्यावसायिक स्कीअर होते, स्कीइंग मासिकांशी संबंधित लोक होते, तो डोंगर वर्षानुवर्षं ओळखणारे स्थानिक होते. जवळ साधनं होती. अंदाज बहुतेकांना ठाऊक होता. लादी सुटली, नाळेतून थेट तळापर्यंत गेली, आणि तिघे गेले. त्यांच्याबरोबर वाहून गेलेली एलिस सॉगस्टॅड ही व्यावसायिक स्कीअर पाठीवरच्या एअरबॅगमुळे पृष्ठभागाजवळ राहिली आणि वाचली.

नंतरच्या मुलाखतींत अनेकांच्या बोलण्याचा सूर एकच होता. मनात शंका होती. पण इतके जाणकार लोक बरोबर आहेत, कुणीच काही बोलत नाहीये, म्हणजे ठीकच असणार. सोळा जणांच्या घोळक्यात प्रत्येकाला वाटलं की विचार दुसरा कुणीतरी करतोय.

याच खिंडीत १ मार्च १९१० ला वेलिंग्टन स्टेशनात अडकलेल्या दोन रेल्वेगाड्या हिमस्खलनाने दरीत लोटल्या होत्या. ९६ माणसं गेली. अमेरिकेतलं आजवरचं सगळ्यात प्राणघातक हिमस्खलन. तेही अनेक दिवस चाललेल्या बर्फाच्या वादळाच्या शेवटी, हवा गरम झाल्यावर. उन्हाळ्यात आपण त्या जुन्या रेल्वेमार्गावर, आयर्न गोट ट्रेलवर पोरांना घेऊन छान फिरतो. वाट तीच, डोंगर तोच. बदलतो तो बर्फ.

पाचपैकी तीन

आता अंदाजाबद्दल. उत्तर अमेरिकेत हिमस्खलनाच्या धोक्याला एक ते पाच आकडे देतात. लो, मॉडरेट, कन्सिडरेबल, हाय, एक्स्ट्रीम. सगळ्यात जास्त मृत्यू कोणत्या आकड्याला होत असतील? पाचला नाही. पाच दिसला की लोक घरी बसतात, रस्तेसुद्धा बंद असतात. सगळ्यात जास्त माणसं तीनला जातात.

याचं कारण मला मागच्या हिवाळ्यात अगदी समोर दिसलं. आम्ही सात जण स्नोशू घेऊन निघालो होतो. वादळ शुक्रवारी संपलं होतं, शनिवारी ढगाळ, रविवारी कडक ऊन. ठरलं होतं स्नो लेकच्या वाटेने जायचं. ती वाट हिवाळ्यात मोठ्या उघड्या उतारांखालून जाते. मी त्याआधी हिमस्खलनाचा पहिल्या पातळीचा कोर्स केला होता. पार्किंगमध्ये म्हणालो, "दादा, आज बुलेटिनला तीन आहे. वाऱ्याने साचलेल्या लाद्या आहेत असं लिहिलंय. आपण गोल्ड क्रीकच्या तळ्याकडे जाऊ, सपाट आहे."

दादा म्हणजे आमच्या ग्रुपमधले सगळ्यात अनुभवी. हिमालयात भरपूर फिरलेले, माणूस म्हणून सोन्यासारखे. ते म्हणाले, "पाचपैकी तीन ना? म्हणजे मधलं. चालतंय रे."

बघा, आपल्याला पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के वाटतात. फर्स्ट क्लास. आणि 'कन्सिडरेबल' हा शब्दही असा गुळगुळीत, की मराठीत केला तर 'बऱ्यापैकी' होतो. बऱ्यापैकी धोका! बऱ्यापैकी म्हटल्यावर कुणी घाबरतं का? पण या पट्टीच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. दोनला लिहिलेलं असतं की माणसामुळे हिमस्खलन होणं शक्य आहे. तीनला लिहिलेलं असतं की माणसामुळे होण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे चुकीच्या उतारावर गेलात तर ते सुटेल असं धरूनच चाला. दोनहून तीन ही एका गुणाची वाढ नाही, धोका कित्येक पटींनी वाढतो. चारला तर हिमस्खलनाच्या भागात जाऊच नका असं लिहिलेलं असतं. म्हणजे दारात उभं राहून विचार करण्याजोगा शेवटचा आकडा तीन. त्यामुळे सगळा घोळ तीनलाच होतो.

हे सगळं मी तिथे गाडीच्या डिकीजवळ उभा राहून सांगितलं, थोडक्यात. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. एका वहिनींनी हळूच विचारलं, "खरंच धोका आहे का?" मग एक जण म्हणाला, "तू एक कोर्स काय केलास..." आणि हसला. शेवटी आम्ही चौघे तळ्याकडे गेलो. दादा आणि दोघे वर गेले.

दुपारी साडेतीनला तिघे परत आले. खुशीत, लालबुंद गालांनी. फोटो अप्रतिम. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बघ, काही झालं का?"

मंडळी, या वाक्यासाठीच खरं तर मी हा भाग करतोय.

आमच्या कामात एक जातीचा बग असतो. दोन गोष्टी एकाच वेळी, नेमक्या चुकीच्या क्रमाने घडल्या तरच तो उठतो. तुमच्या मशीनवर प्रोग्रॅम नऊशे नव्याण्णव वेळा नीट चालतो. त्यावरून तुम्ही म्हणालात "बग नाही", तर कुणीही जुना इंजिनिअर हसेल. चाचणी पास झाली याचा अर्थ एवढाच, की त्या वेळी तो क्रम जुळून आला नाही.

डोंगराचंही तसंच. एखाद्या उतारावरून दहा माणसं जातात आणि काही होत नाही. अकरावा जिथे पाय ठेवतो तिथे लादी पातळ असते, त्याचं वजन कमजोर थरापर्यंत पोचतं, आणि फट पळते. पहिल्या दहांना आपण किती जवळून गेलो हे कधीच कळत नाही. डोंगर मार्कलिस्ट देत नाही. स्वयंपाकात मीठ जास्त झालं तर पहिल्या घासाला कळतं, गाडी वेगात वळवली तर टायर ओरडतात. इथे निर्णय चुकीचा असला तरी बक्षीस म्हणून सुंदर फोटो मिळतात. आणि माणूस शिकतो काय, तर "मला हे जमतं." म्हणून अनुभव वाढला की धोका कमी होतोच असं नाही. नुसता अनुभव कधी कधी चुकीचाच धडा पक्का करतो.

इयन मॅकॅमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने सातशेहून जास्त हिमस्खलन अपघात तपासले. माणसं कोणत्या सापळ्यांत अडकतात त्याची त्याने यादी केली. उतार ओळखीचा असतो. आधीच ठरवलेलं असतं, गाडी एवढी चालवून आलोय. ग्रुपमध्ये एक 'जाणकार' असतो. आधी गेलेल्यांची पावलं दिसतात. चारचौघांत घाबरट दिसायचं नसतं. बर्फ अस्पर्श आहे तोवरच गेलं पाहिजे असं वाटतं. यातला एकही मुद्दा बर्फाबद्दलचा नाही, बघा. सगळे आपल्याबद्दलचे. आणि आपल्या मराठी ग्रुपमध्ये एकाची भर घालतो: मोठ्यांना उलटून कसं बोलायचं?

दहा मिनिटं

"काही झालं तर बघू" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडे आकडे. बर्फाखाली पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला साधारण पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहापैकी नऊ जण वाचू शकतात. अर्धा तास उलटून गेला की दहापैकी तीन. बहुतेक मृत्यू गुदमरून होतात. थांबल्यावर तो बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो. बोटसुद्धा हलवता येत नाही. शिवाय काही जण झाडा-खडकांवर आपटून आधीच गेलेले असतात, त्यांना कोणतंच साधन वाचवत नाही.

दहा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही. तुमच्या बरोबरचेच लोक तुम्हाला काढणार. त्यासाठी प्रत्येकाकडे तीन गोष्टी लागतात. ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची घडीची लांब काठी, आणि धातूचं फावडं. प्रत्येकाकडे म्हणजे प्रत्येकाकडे. एकट्याकडेच असेल, आणि तोच गाडला गेला, तर? कोर्समध्ये आम्ही पुरलेला ट्रान्सीव्हर शोधायचा सराव केला. सिग्नल शोधायला जेवढा वेळ लागला त्याहून कितीतरी जास्त खणायला लागला. एक मीटर खोल म्हणजे कमरेइतकं. हाताने खणून बघा कधी.

आपल्याकडे

भारतातल्या ऐकणाऱ्यांना वाटेल, हे अमेरिकेचं झालं. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडमध्ये बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी रस्ते बांधणाऱ्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन आलं. जोराची बर्फवृष्टी चालू होती. ५४ कामगार सापडले, त्यातले आठ गेले. त्यांनी कुठे जायचं, कुठे झोपायचं हे स्वतः निवडलं नव्हतं. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का दांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी सापडले. २५हून अधिक गेले. त्यात त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू सर केलेली प्रशिक्षक सविता कंसवाल होती.

डीआरडीओची चंडीगढची संस्था, डीजीआरई, हिमालयातल्या भागांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते, आणि मोठ्या बर्फवृष्टीत ते बातम्यांतही येतात. तुम्ही हिवाळी ट्रेक बुक करता तेव्हा बुटांचं भाडं, टेंटमध्ये किती जण, जेवणात अंडं आहे का, हे सगळं विचारता. आणखी तीन प्रश्न विचारा. वाटेवर हिमस्खलनाच्या उताराखालून जाणारा टप्पा आहे का? मोठी बर्फवृष्टी झाली तर तुम्ही किती दिवस थांबता, आणि तो निर्णय कोण घेतं? शिखर नाही झालं तर दुसरी वाट कोणती? ज्याच्याकडे उत्तरं आहेत तो चिडणार नाही.

शनिवारी संध्याकाळी करायचं काम

शेवटी, येत्या वादळानंतर काय करायचं ते सांगतो. फार कठीण नाही.

बुलेटिन आदल्या संध्याकाळीच येतं. ते वाचा, आणि नुसता आकडा वाचून थांबू नका. खाली लिहिलेलं असतं की त्रास कशाचा आहे, कोणत्या दिशेच्या आणि किती उंचीवरच्या उतारांवर. नकाशावर तीस अंशांवरचे उतार रंगवून दाखवणारी सोय आजकाल कॅलटोपोसारख्या अॅपमध्ये आहे. आपली वाट त्या रंगाखालून जाते का ते बघा. जात असेल आणि बुलेटिनला तीन असेल, तर वाट घरी बसूनच बदला. पार्किंगमध्ये बदलणं फार अवघड असतं, ते मी पाहिलंय. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सोपं असतं.

आणि ग्रुपसाठी एकच नियम. निघण्याआधी ठरवून टाका की कुणीही एकाने, अगदी पहिल्यांदा आलेल्यानेही, "मला बरं वाटत नाहीये" म्हटलं की सगळे वळतील. कारण विचारायचं नाही. वहिनींनी हळूच विचारलेला प्रश्न त्या दिवशी सगळ्यात शहाणा होता. असा प्रश्न मोठ्याने विचारायची सोय ग्रुपमध्ये असली पाहिजे.

दादांशी माझं छान आहे, काळजी नसावी. गेल्या महिन्यात त्यांना हाच कोर्स करायला सुचवलंय. ते म्हणाले, बघू. मी पुन्हा विचारणार आहे.

बर्फात जाऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही. सपाट तळी आहेत, दाट जंगलातल्या हलक्या उताराच्या वाटा आहेत, रिसॉर्टच्या हद्दीतले तपासलेले उतार आहेत. तिथे निळं आकाश तेवढंच निळं असतं. जा, थर्मासमध्ये चहा घेऊन जा. फक्त डोक्यावर काय आहे ते बघून बसा.

पुढच्या भागात भेटूच. काळजी घ्या.